दोन परीक्षा आणि हाडांची पेटी

माझ्या आतेभावाइतका जिवंत माणसांना भिववणारा आणि मेलेल्या माणसांशी अदबीनं वागणारा विद्यार्थी साऱ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. हे मी कौतुकानं सांगतो आहे. खरं तर त्याच्यात भिण्यासारखं काहीच नव्हतं. उंच, काटकुळा, पुढं वाकून चालणारा, चष्म्याची एक दांडी मोडली म्हणून तिथं दोरा बांधून तो कानाला अडकवणारा, असा तो मऊ माणूस होता. दारावर आलेल्या भिकाऱ्यालासुद्धा तो "पानी पेलं का?" असं विचारल्याशिवाय जाऊ देत नसे. पण वाशीमच्या बाजारात भाजीच्या गाडीमागून तो येताना दिसला, की बाया पदर ओढून तोंड फिरवत आणि पारावरचे म्हातारे काही तरी काम आठवल्यासारखे उठून जात. कारण तो माणसाच्या चेहऱ्याकडे पाहत नसे. तो चेहऱ्याच्या आत पाहायचा. कानाच्या पुढं, गालाच्या खाली, मनगटाच्या आत. आणि पाहता पाहता ओठांतल्या ओठांत काही पुटपुटायचा. ती हाडांची लॅटिन नावं असत. लोकांना ते मंत्र वाटत.

त्याच्यावर ही वेळ का आली, ते सांगितलं पाहिजे. वाशीमच्या शिवेवर, ओढ्याच्या काठानं आत्याचा मळा होता. वांगी, मिरची, मेथी, कोथिंबीर, जे पिकेल ते गाडीत घालून बाजारात न्यायचं, असं त्यांचं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, यांना अक्षर येत नव्हतं. पण त्यांची मधली मुलगी घटसर्पानं तीन दिवसांत गुदमरून गेली, आणि गाडी जुंपून आणलेला डॉक्टर तिच्या तिसऱ्याच्या दिवशी पोचला, तेव्हा मामा भर मळ्यात उभे राहून म्हणाले होते, "या घरात एक डाक्टर झाला पायजे. मंग मी मेलो तरी चालते." थोरली लग्न होऊन गेली होती. घरात उरलेलं एकच पोर होतं, ते म्हणजे आमचा आतेभाऊ. त्या दिवसापासून त्याचं नशीब ठरलं. तो शिकत शिकत नागपूरला गेला, बी.एस्सी. झाला, आणि वैद्यकीय शाळेच्या प्रवेशपरीक्षेत थोडक्यात घसरला. वयाच्या अटीमुळं आता फक्त एकदाच बसता येणार होतं. तोवर त्याच्या प्राध्यापकांनी त्याला प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला घातलं, कारण हुशार मुलगा रिकामा राहू नये असं त्यांना वाटे, आणि त्या अभ्यासापायी त्याला वसतिगृहात फुकट खोलीही मिळाली. म्हणजे एम.एस्सी. सोडली तर राहायला जागा नाही, आणि वैद्यकीची परीक्षा सोडली तर घरी तोंड दाखवायला जागा नाही. दोन्ही परीक्षा चैत्रात, आठ दिवसांच्या अंतरानं. असा तो दोन डगरींवर पाय ठेवून उभा होता.

पण उभा कसा, तर मोठ्या शिस्तीनं. त्यानं सगळ्या आयुष्याचे सरळ दोन भाग केले होते. डाव्या खिशात प्राणिशास्त्राचं टिपण, उजव्या खिशात वैद्यकीचं. काळी टोपी घातली की बेडूक, मासे, गोगलगायी. पांढरी टोपी घातली की माणूस. काळ्या टोपीत असताना त्याला कुणी ताप-खोकल्याचं विचारलं, तर तो माफी मागून आत जायचा, टोपी बदलून यायचा आणि मग उत्तर द्यायचा. एकदा आत्याला चुलीजवळ विंचू चावला. हा धावत आला तो काळ्या टोपीत. आधी त्यानं विंचवाला चिमट्यात धरलं, नांगीचे सांधे मोजले, चिमट्यासकट त्याला लोट्याखाली झाकलं आणि मग टोपी बदलायला आत निघाला. आत्या कळवळून ओरडली, "अरे मुडद्या, टोप्या कायच्या बदलून राह्यला! आंधी मले पाय!" तो अगदी शांतपणे म्हणाला, "माय, चावेपर्यंत तो प्राणिशास्त्रात व्हता. आता तू वैद्यकीत आली."

त्या वर्षी मी अकोल्याच्या कचेरीतून हिवतापाची रजा घेऊन आत्याकडे आराम करायला आलो होतो, आणि तो अभ्यासाच्या सुटीवर. माघ-फाल्गुनाचे ते दोन महिने मी त्याच्याजवळ काढले. मला एक दिवसाआड ताप यायचा, हे इथं सांगून ठेवतो. पुढं जे सांगणार आहे त्यातलं किती पाहिलं आणि किती तापानं दाखवलं, हे वाचणाऱ्यानं ठरवावं.

सकाळी तो मोट हाकायचा. बैल धावेच्या उतारावरून खाली उतरू लागले, की तो प्राण्यांची नावं म्हणायचा, आणि मोट थारोळ्यात ओतून बैल मागं सरू लागले, की माणसाची हाडं. उतरताना राना, म्हणजे बेडूक, मागं सरताना स्कॅप्युला, म्हणजे खांद्याचं हाड. उतरताना पायला, मागं सरताना क्लॅव्हिकल. बैलांना ते इतकं अंगवळणी पडलं, की मामांनी कितीही चुचकारलं तरी ते ढिम्म हलत नसत. शेवटी त्या निरक्षर माणसानं एक शब्द पाठ केला. ते कासरा हातात धरून खच्चून ओरडत, "चाल रे कलाविकल!" आणि बैल गरीब शाळकरी पोरांसारखे निमूट मागं सरत.

याच सुमारास त्याला मुलगी दाखवायला शिरपूरला नेलं. मुलगी चांगली होती, घर चांगलं होतं, पोहे झाले. कुणी तरी म्हणालं, "पोराले काय इचारायचं असन ते इचारू द्या." हा काहीच विचारेना. मुलीकडे एकटक पाहत राहिला. मग खूश होऊन म्हणाला, "गालाचं हाड लई सुंदर हाय. असं पुस्तकातच पाहाले भेटते." मुलगी उठून आत गेली ती बाहेर आलीच नाही. तिच्या आजीनं तिच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या आणि निरोप आला की आमची पोरगी म्हणते, या माणसानं मले मेल्यावर कशी दिसन ते पाहून घेतलं. आम्ही गाडीत बसून परत निघालो तेव्हा हा बिचारा खरोखरच्या नवलानं मला विचारत होता, "काहून रे? म्या तर तारीफच केली ना?"

पण लोकांच्या भीतीचं खरं कारण होतं ती पेटी. नागपूरला वैद्यकी अर्धी सोडून गेलेल्या एका विद्यार्थ्यानं ती त्याला देऊन टाकली होती. सागाची, दीड हात लांब, आत माणसाची हाडं. पुरा सांगाडा नव्हे. एक कवटी जबड्यासकट, डाव्या हाताची कोपरापासूनची दोन हाडं, सात फासळ्या, काही मणके. दवाखान्यात बेवारशी मेलेल्यांची हाडं अशी अभ्यासाला मिळतात, असं तो सांगायचा. पेटी घरात येऊ द्यायला आत्यानं साफ नकार दिला, म्हणून ती मळ्यातल्या खोपडीत, म्हणजे राखणीच्या झोपडीत, राहिली आणि तिच्यामागं हाही तिथंच राहायला गेला. खोपडीत शिरताना तो चपला बाहेर काढायचा. पेटी उघडण्याआधी झाकणावर दोन बोटांनी टकटक करायचा. कवटीला त्यानं कधी एका हातानं उचललं नाही. आणि अभ्यास करताना अडला, की तो जबड्याशी कान नेऊन बसायचा.

"काय करतोस?" मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

"इचारून राह्यलो."

"कोणाला?"

"याले. म्या इचारलं का हा सांगते." आणि माझ्याकडे पाहून हसला. "तसं नाही रे. हाताशी धरलं का आठोते, इतकंच."

मीही हसलो. पण फाल्गुनातल्या त्या दुपारी फार वाईट. दोन प्रहरी मळ्यात कुणी नसायचं. पाखरंसुद्धा गप्प व्हायची. वांग्याच्या पानांवर ऊन नुसतं उभं असायचं, आणि त्या शांततेत खोपडीतून पेटीचा आवाज यायचा. टक्‌. मग बऱ्याच वेळानं पुन्हा, टक्‌. लाकूड उन्हानं तडकतं, हे मलाही कळत होतं.

एका दुपारी आम्ही दोघं वांग्याच्या वाफ्यात होतो. बैल मोटेला जुंपलेले, विहिरीकडे पाठ करून धावेच्या खालच्या टोकाला थांबलेले. मामा घरी जेवायला गेले होते. खोपडीचं दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं. आतेभाऊ माझ्या शेजारी उकिडवा बसून किडकी वांगी निवडत होता, त्याचं तोंड बंद होतं. आणि एकाएकी बैलांनी कान टवकारले. दोघांनी एकदमच. मग एकेक पाऊल टाकत ते मागं सरू लागले, शिकवल्याप्रमाणं, अगदी बरोबर, पार विहिरीच्या काठापर्यंत, आणि तिथं थांबून त्यांनी माना खोपडीकडे वळवल्या. जसं काही पुढच्या शब्दाची वाट पाहत आहेत.

मी काहीच ऐकलं नव्हतं. आतेभावानं हातातलं वांगं खाली ठेवलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "बरोबर सांगतलं त्यानं," तो हळूच म्हणाला, आणि काय सांगितलं ते मी विचारलं नाही. संध्याकाळी मला ताप भरला आणि आत्यानं काढा पाजून निजवलं.

आत्यालाही खोपडीचा संशय होताच. दुसऱ्या दिवशी तिनं कुणाला न विचारता सगळ्या पेटीवर गोमूत्र शिंपडलं. हाडं ओली झाली म्हणून आतेभावानं चिडचिड करत ती गोणपाटावर उन्हात मांडली, आणि त्याच दुपारी सारजाबाई थारोळ्यावर पाणी प्यायला आली.

सारजाबाई आत्याच्या मळ्यात निंदणाला यायची. पस्तिशीची, अबोल, कामाला वाघीण. तिचा नवरा उकंडा नऊ वर्षांपूर्वी कापसाच्या हंगामात सरकी काढायच्या जिनात कामाला म्हणून नागपूरकडे गेला, तो परतला नव्हता. पहिल्या वर्षी गाववाल्याबरोबर निरोप आला, नंतर काहीच नाही. ती कुंकू लावी, बांगड्या भरी, आणि नवऱ्याशिवाय राही. शेलूबाजारकडचा एक विधुर बागवान तिच्याशी पाट लावायला तयार होता. पण पंच म्हणत, नवरा मेल्याचं कोण सांगतं? उद्या दारात उभा राहिला तर? ती धड सवाष्ण नव्हती, धड रांड नव्हती. तिला मळ्यातल्या कशाचीच भीती वाटत नसे. पेटीचीही नाही.

ती पाणी पिऊन वळली आणि गोणपाटाशी थबकली. मग खाली बसली. तिनं हाताचं एक हाड उचललं, ज्याच्या मधोमध जुनं मोडून जुळल्याची गाठ होती, आणि त्या गाठीवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

"भाऊ, हे कुठून आनलं?"

"नागपूरहून. अभ्यासाचं हाय, सारजाबाई. भेऊ नको."

"मी कायले भेऊ? हा हात म्या शेकला हाय. गाडीच्या चाकाखाली आल्ता. हाड बसवनाऱ्यानं वाकडा बसवला. तीन महिने एरंडाचे पानं बांधून शेकत व्हते. हे गाठ माह्या अंगठ्याले ठाऊक हाय."

तिनं हाड पदरात ठेवलं आणि कवटीकडे पाहिलं. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. ती एकदम हसली, आणि त्या हसण्यानं मी जितका भ्यालो तितका नंतर कधी भ्यालो नाही. "अन्‌ हे पाहा. दातावर दात. हासला का वरचा व्हट अडकून राहे याचा." मग हसू गेलं. "हा उकंडा होय, भाऊ."

"सारजाबाई," आतेभाऊ फार जपून म्हणाला, "असे हात लई मानसाचे मोडतात."

"मोडत असन. मले एकच ठाऊक हाय." तिनं पदराची गाठ मारली, सोडली, हाड पुन्हा गोणपाटावर नीट ठेवलं. "याले आग द्या लागते. नऊ वर्सं झाले, उघडा पडला हाय."

परीक्षेला सोळा दिवस होते. मामांनी ऐकलं तेव्हा ते म्हणाले, "दे ना, पन परीक्षा झाल्यावर दे. नऊ वर्सं थांबली, पंधरा दिवस थांबन." हे बोलणं वावगं नव्हतं. आतेभाऊ दोन दिवस कुणाशी बोलला नाही. टोपी कोणतीच घालत नव्हता. पेटी बंद करून तिच्यासमोर बसून राहायचा, आणि बैल धावेवर तटून उभे राहायचे, कारण मोटेवर आता शब्दच येत नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मला खोपडीत बोलावलं. कवटी आणि हाताचं हाड शेजारी शेजारी ठेवलं होतं. "नीट पाय," तो म्हणाला. "हे कवटी पोट्ट्याची हाय. ईस वर्साचा नसन. हे जोड पाय, अजून भरले नाहीत. अन्‌ हात चांगल्या पोक्त मानसाचा. रंग पाय. एक चुन्यात उकळलेलं, एक मातीतून काढलेलं. हे दोघं एक मानूस नाही."

"मग तिला सांगून टाक."

"काय सांगू? कोनता तुहा नाही म्हनून सांगू?" त्यानं कवटी दोन्ही हातांनी उचलून पेटीत ठेवली. "दोनातला एक उकंडा असन. नाही तर एकही नसन. पन मंग हे कोन होयत? यायच्याही बायका कुठं कुंकू लावून बसल्या असन ना."

"आणि परीक्षा?"

त्यानं पेटीच्या झाकणावर दोन बोटांनी टकटक केली, कान लावून थोडा वेळ थांबला, आणि उठून सरळ सारजाबाईच्या झोपडीकडे चालू लागला.

दुसऱ्या दिवशी दोन प्रहरी ओढ्याच्या काठावर पेटीतल्या साऱ्या हाडांना उकंडा म्हणून आग दिली. पंच आले होते. मामांनी आपल्या हातानं लाकडं रचली. सुकी हाडं पेटत नाहीत, नुसती लाल होतात, हे मला त्या दिवशी कळलं. फार वेळ लागला. सारजाबाईनं दगडावर बांगड्या फोडल्या आणि मग नऊ वर्षांचं रडणं रडली. आतेभाऊ भर उन्हात बोडक्यानं उभा होता. धूर सरळ वर जात होता, वारा मुळीच नव्हता, तरी मधेच एकदा तो वळला आणि आतेभावाच्या अंगावरून असा गेला, जसा कुणी जाता जाता खांद्याला हात लावून जावा. त्यानं डोळे मिटले नाहीत. राख ओढ्यात सोडून आम्ही परतलो.

घरी आल्यावर आत्यानं त्याच्या पायांवर पाणी घातलं. तो तिच्याकडे पाहत राहिला, आणि म्हणाला, "माय, तुह्या गालावर तीळ हाय?"

"पोटातून हाय रे. आज पाह्यला का?"

तो खाटेवर बसला. मला म्हणाला, "पुस्तक घे. इचार." मी पुस्तक उघडून खांद्याच्या हाडाचं नाव विचारलं. तो गप्प. मांडीचं विचारलं. गप्प. बेडकाचं विचारलं, ते सगळं धडाधड म्हणाला. माशाचं विचारलं, तेही. माणसाचं एकही हाड येईना. त्यानं माझं मनगट हातात घेतलं, दाबून पाहिलं, उजेडाकडे धरलं. "नुसतं कातडं दिसते रे," तो म्हणाला. "गेले सारे नावं. त्याच्यासंगं गेले."

उरलेले दिवस मी त्याच्याकडून ती नावं पुन्हा घोकून घेतली. सकाळी पाठ व्हायची, दुपारपर्यंत पुसली जायची. मामांनी मला त्याच्यासोबत नागपूरला पाठवलं. लेखी परीक्षेत हाडांवर एकच प्रश्न होता, तो सोडून बाकी उत्तम झाली. नंतर तोंडी. मी बाहेर बाकावर बसलो होतो. आत काय झालं ते त्यानं मला त्याच दिवशी, शब्द न वाढवता, सांगितलं.

तिघं परीक्षक होते, दोन साहेब आणि एक मराठी डॉक्टर. पदार्थविज्ञान झालं, रसायन झालं. मग मधल्या साहेबानं, बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र होतं ना, म्हणून टेबलावरच्या तबकातलं एक हाड उचलून याच्या हातात दिलं आणि विचारलं, हे काय आहे? डाव्या हाताचं होतं. यानं सवयीनं अंगठा फिरवला. मधोमध गाठ होती.

"तीच?" मी विचारलं.

"तीच. सारजाबाईनं दाखवली तिथंच. म्या सोता जाळलं व्हतं ते, तुह्यासमोर."

नाव आठवेना. साहेब वाट पाहत होता. आणि याच्या तोंडून निघालं, "उकंडा."

साहेबाला ते लॅटिन वाटलं. त्यानं स्पेलिंग विचारलं, यानं सांगितलं. साहेबानं ते कागदावर लिहून घेतलं, शेजारच्या साहेबाला दाखवलं, दोघांनी भुवया वर केल्या. मराठी डॉक्टरांनी मात्र लेखणी खाली ठेवली. ते मराठीत म्हणाले, "तुमच्या ओळखीचे होते का?"

"मी पाह्यलं नाही त्यायले," हा म्हणाला. "त्यायच्या घरचे वळखतात."

डॉक्टरांनी ते हाड त्याच्या हातातून काढून घेतलं, दोन्ही हातांनी. यादी लागली तेव्हा त्यात त्याचं नाव नव्हतं. वैद्यकीच्या परीक्षेनंतर आठ दिवसांनी, ठरल्याप्रमाणं, तो काळी टोपी घालून एम.एस्सी.ला बसला आणि दुसऱ्या वर्गात पास झाला.

घरी कसं सांगायचं, या काळजीनं आम्ही दोघं वाशीमला उतरलो. मामा मळ्यात मिरच्यांना पाणी देत होते. त्यांनी ऐकून घेतलं. वाफ्याला फोडलेलं दार चिखलानं बुजवलं, पाणी दुसरीकडे वळवलं, आणि पाठमोरेच म्हणाले, "त्या बाईचं तं भागलं." पुन्हा त्यांनी डॉक्टरकीचा विषय जन्मात काढला नाही. आत्या मात्र शेवटपर्यंत बायांना सांगत राहिली, की माह्या पोराले साह्यबानं काही तरी इचारलं अन्‌ त्यानं असं नाव सांगतलं का साह्यबालेही ठाऊक नव्हतं.

वैशाखात सारजाबाईचा पाट लागला आणि ती शेलूबाजारला गेली. आतेभाऊ वाशीमच्या एका शाळेत विज्ञानाचा मास्तर झाला. लोक आता त्याला भीत नसत. पण वेड काही संपलं नाही, त्यानं फक्त जागा बदलली. दिवाळी झाली, की भोवतालच्या वाड्यांवरून माणसं बोचकी घेऊन जिनात कामाला निघत. ती सगळी संध्याकाळच्या गाडीला वाशीम ठेसनावर जमत. शाळा सुटली की हा एक जाडी वही घेऊन तिथं जायचा आणि बाकाशेजारी उभा राहून एकेकाला विचारायचा, "नाव? बापाचं नाव? गाव? आंगावर काही खून?" आमच्याकडे खुणेला खून म्हणतात. पहिल्या वर्षी बाहेरगावचा एक शिपाई हे ऐकून त्याला धरून ठेसनमास्तरकडे घेऊन गेला होता. मजूरही आधी बिचकले. त्यांना तो सरकारी माणूस वाटला, मग खुळा वाटला. पुढं पुढं म्हाताऱ्याच आपल्या पोरांना ढकलू लागल्या, "मास्तरच्या वहीत नाव देल्ल्याशिवाय गाडीत चढू नको." मग तो हात उलटेपालटे करून पाही, जुने वण पाही, दात दाखव म्हणे, आणि सगळं बारीक अक्षरात लिहून घेई. कधी त्या वहीचा उपयोग झाला का, असं मी एकदा विचारलं. "दोनदा," एवढंच तो म्हणाला.

माझी बदली दूर जबलपूरकडे झाली, तेव्हा मी आत्याला भेटून त्याच गाडीनं निघालो. तो पोचवायला आला होता. डब्यात सामान ठेवून मी खिडकीशी बसलो, तर यानं वही उघडलेली. "नाव?" म्हणाला. मी हसलो. तो हसला नाही. मग मी माझं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं. इतकं पुरतं नाव मी कचेरीबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं.

"खून?"

मी विचार केला. "काही नाही रे. ना वण, ना तीळ."

तो खिडकीच्या गजांना धरून माझ्याकडे पाहत राहिला. गार्डानं शिटी दिली, बोचकी चढली, पोरं रडली, गाडी हलली, तरी तो पाहतच होता. मग एकदम काही सापडल्यासारखं त्यानं मान हलवली, चालता चालता वहीत एक ओळ लिहिली आणि वही मिटली. "काय लिहिलंस?" मी ओरडलो. त्याचे ओठ हलले, पण चाकांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

नंतर आमची पुष्कळ पत्रं झाली. ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. पण परगावच्या एखाद्या दुपारी, आसपास कुणी ओळखीचं नसताना, मला ती ओळ आठवते, आणि बरं वाटतं.